तुम्ही विचारलंत म्हणून : कॅमेरा कुठला घेऊ?

मालवणपासून हर्णैपर्यंत कुठेही माहितीपटाचा विषय निघाला की तरुण मुलांचा प्रश्न ठरलेला असतो : "रापणीवर फिल्म करायचीय, कॅमेरा कुठला घेऊ?" (रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं.) पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "आणि यावर पोट भरतं का?" हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

कॅमेरा एवढ्यात विकत घेऊ नका. तो भाड्याने मिळतो. कर्ज काढून घेतलेला कॅमेरा हप्ते फेडायला लग्नाच्या मांडवात जातो, आणि लग्नसराई न् रापण दोन्ही पावसाळा सोडूनच असतात. आधी पंचांग घ्या.

कारण इथलं शूटिंग घड्याळावर चालत नाही. आपल्याकडचा जुना हिशोब सगळ्या कोळ्या-गाबितांना पाठ आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास समुद्र भरलेला. पुनवेला सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेव्हा भरती-ओहोटीचं कोष्टकही पाहून ठेवा. आता समजा, पुनवेच्या संध्याकाळी तुम्ही ओल्या वाळूवर पसरलेला सोनेरी उजेड टिपलात आणि उरलेले शॉट घ्यायला आठवड्याने आलात. उजेड तोच, पण वाळूच नाही. पाणी वर माडांकडे सरकलेलं. दोन्ही शॉट एकाच प्रसंगात जोडता येत नाहीत. परत यायचं तर पुनवेपासून पंधरा दिवसांनी, अवसेला. हे न कळल्यामुळे भाड्याचे दिवस वाढतात, बजेट तिथेच फुटतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. बंदरावरचं काम दाखवायचं असेल तर तेही मोजून ठेवा.

विकत घ्यायचंच असेल तर माईक घ्या, चांगले हेडफोन घ्या. किनाऱ्यावरच्या फिल्मा चित्रामुळे क्वचित पडतात, आवाजामुळे पडतात. प्रत्येकाला बोलणाऱ्याच्या मागे समुद्र हवा असतो. पण माणसाकडे रोखलेला माईक त्याच्या मागच्या लाटांकडेही रोखलेला असतो, आणि वाक्याचा शेवट गाजेत बुडतो. माणसाला जमिनीकडे पाठ करून बसवा, म्हणजे समुद्र माईकच्या पाठीशी जातो. मागे समुद्र हवाच असेल तर माईक डोक्यावरून, खाली छातीकडे तोंड करून धरा. कॉलरचा माईक हनुवटीपासून वीतभर खाली, माईकला वारा अडवणारी केसाळ टोपी घालूनच. लांबलचक मुलाखत सरळ पडवीत घ्या. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद केलात की तुमच्या गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे तो सुरू केल्याशिवाय तुम्ही निघू शकत नाही. नाहीतर त्या घरचे मासे नासतात आणि तुम्हाला पुन्हा त्या दारात उभं राहता येत नाही. निघण्यापूर्वी सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेची एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगच्या वेळी दोन वाक्यांमधली फट तीच बुजवते.

खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर मिठाचा पापुद्रा बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसलात तर काचेवर चरे पडतात. आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलं केलेलं मऊ कापड, मग कोरडं. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. अर्धा तास बॅग बंदच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून घ्यायचे, पुन्हा निळे होतात. कपाटात तशीच ठेवलेली लेन्स दसऱ्याला काढाल तेव्हा आत बुरशीचं जाळं असेल.

दशावताराच्या खेळाचं शूटिंग असेल आणि तिथे ट्यूबलाइट असतील तर सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, तिच्याशी न जुळणाऱ्या, १/६० सारख्या शटरला चित्रात पट्टे सरकतात.

१०० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटने, रेकॉर्ड केलं तर एका तासाला ४५ जीबी होतात. अर्ध्या तासाच्या फिल्मसाठी चाळीस तास शूट झालं तर १,८०० जीबी. म्हणून ४ टीबीच्या दोन डिस्क, आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. मालवणी बोलणं उतरवून घ्यायला एका तासाच्या टेपला पाच-सहा तास सहज जातात. ते स्वतः करा. कुठलं वाक्य फिल्ममध्ये राहणार हे तिथेच कळायला लागतं. आणि 'खंय' ला 'कुठे' करू नका.

आता पोटाचं. पहिली काही वर्षं फक्त स्वतःच्या माहितीपटांवर घर चालत नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगा. पण ज्याला आवाज नीट घेता येतो आणि एडिटिंग येतं, त्याला दुसऱ्यांच्या युनिटमध्ये काम मिळत राहतं. शिवाय संस्थांच्या फिल्मा असतात. पावसाळ्यातले चार महिने एडिटिंगचे. तेव्हा इन्व्हर्टर लागतो, आणि विजा चमकल्या की डिस्क काढून ठेवायची. मुंबईतला 'मिफ' हा माहितीपटांचा महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी भरत आलाय. तिथे निदान प्रेक्षक म्हणून तरी जाच, दिवसाला चार-पाच फिल्मा बघा.

पण पहिला खेळ गावात लावा. ज्यांचं जाळं दाखवलंत त्यांची लेखी संमती मराठीत घेतलेली असली, तरी त्यांनी फिल्म सगळ्यांच्या आधी बघायला हवी. देवळाच्या सभामंडपात, आरती झाल्यावर. पौर्णिमा-अवसेचं उधाण बघून तारीख ठरवा; रापण लागणार असेल त्या दिवशी माणसं किनाऱ्यावर असतील, मंडपात नाही.