मुक्कामाची एसटी छापून येईपर्यंत: माझा अनुभव

रात्री झोपताना वाचायचं माझं नवं चित्रपुस्तक अखेर आलं. गोष्ट एवढीशीच आहे. कोकणातल्या एका गावाला जाणारी शेवटची एसटी, मुक्कामाची गाडी. प्रत्येक थांब्यावर कुणी ना कुणी उतरतं, गाडी रिकामी होत जाते आणि शेवटी ड्रायव्हरकाका दिवे मालवतात.

मजकुराची लय मला एसटीच्या घंटीने दिली. एक ‘टण’ म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पहिल्या पानांवर बाजारकरणी, पिशव्या, सुट्ट्या पैशांची हुज्जत, भरपूर गलका. पुढे माणसं कमी होतात तशी वाक्यंही आखूड होतात. प्रत्येक पान ‘टण टण’ने संपतं, शेवटचं मात्र एकाच ‘टण’ने. हे सगळं मी मोठ्याने वाचूनच लिहिलं, कारण असं पुस्तक मूल वाचत नाही, दमलेली आई किंवा आजोबा वाचतात. त्यांच्या श्वासात न बसणारं वाक्य कितीही सुंदर असलं तरी मी काढून टाकलं.

मधोमध पिन मारायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात. आम्ही कव्हर सोडून २४ घेतली. पहिलं पान शीर्षकाचं, शेवटचं प्रकाशकाच्या माहितीचं, म्हणजे गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या ११ जोड्या उरतात. कोरे कागद दुमडून त्यावर पेन्सिलीने थांबे मांडले. घंटी वाजली की पान उलटलं पाहिजे, हा आमचा नियम होता आणि त्यासाठी मला आवडणारे दोन थांबे गेले.

खरी कसोटी छपाईची होती. चित्रकार मैत्रिणीने रात्र इतकी देखणी रंगवली होती की संगणकाच्या पडद्यावर बघत बसावं. पण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि कागदावर निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया एकमेकींवर बसतात. निळ्यात किरमिजी शाई निळीच्या जवळपास गेली की आकाश जांभळं दिसतं. लाल गाडीत निळी शाई मिसळली की ती विटकरी होते. गाडी तर लालच हवी! तिने गाडीतली निळी शाई जवळजवळ काढूनच टाकली आणि अंधार फक्त भोवतीच्या झाडांवर ठेवला. मला ते पहिल्यापेक्षाही जास्त आवडलं.

काळोख्या पानावर पांढरी अक्षरं ठेवायचा आमचा विचार होता. छापखान्यातल्या अनुभवी काकांनी समजावलं की दर शाईची एक अशा छपाईच्या चार प्लेटांपैकी एखादी केसभर सरकली तरी बारीक रेघांत शाई शिरते. देवनागरीत रफार, अनुस्वार, वेलांटी, सगळं नाजूक. मग अक्षरांसाठी चित्रातच उजेड शोधला: हेडलाइटचा झोत, चहाच्या टपरीचा बल्ब, चांदण्यातली भिंत. अक्षरं फक्त काळ्या शाईत. जोडाक्षरं पानं लावताना फुटतात, म्हणून प्रत्येक प्रूफ आम्ही दोघींनी बोट ठेवून वाचलं.

कागद चकचकीत नको यावर मी अडून बसले. उशाच्या दिव्याचा उजेड त्यावर उलटून डोळ्यांत येतो. प्रूफसुद्धा मी रात्री, त्याच उजेडात पाहायचे. छापखान्याच्या ट्यूबलाइटखाली छान दिसलेली दोन पानं घरी फारच काळी वाटली. ती उजळ करून घेतली. लेखकांनी हे जरूर करावं, दुसरं कुणी आपल्यासाठी करत नाही.

आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचं काम प्रकाशकांनी केलं. तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मिळतो, अर्ज ऑनलाइन असतो.

प्रकाशन सकाळी ठेवू नये, एवढाच माझा हट्ट होता. संध्याकाळी वाचनालयात सतरंज्या अंथरल्या, मुलं घरून उशा घेऊन आली. वाचलं एका आजोबांनी. ते निवृत्त कंडक्टर आहेत आणि त्यांची ‘टण टण’ माझ्यापेक्षा कितीतरी खरी होती. मुलांनी लगेच पुन्हा वाचायला लावलं.

१९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत प्रकाशकाने ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला जाणारी पाकिटं मी स्वतः बांधली. आपल्या मुक्कामाच्या गाडीची तिथे नोंद होणार, याचा मला फार आनंद आहे.