शेवटचा गोल कोणी केला?

फुटबॉल हंगामाचा शेवटचा सामना होता, मी संघाचा कोच होतो आणि आम्हाला एक गुण पुरेसा होता. बरोबरी झाली की आमची श्रेणी टिकणार, हरलो की खालच्या श्रेणीत घसरणार. व्यावसायिक क्लबसाठी खाली जाणं फार महागात पडतं. प्रक्षेपणाचे पैसे आटतात, चांगले खेळाडू दुसरीकडे जातात, कार्यालयातल्या आणि मैदान राखणाऱ्या माणसांच्या नोकऱ्यांवर गदा येते. कोचची खुर्ची तर सगळ्यात आधी हलते. क्लाउडिओ रानिएरींनी लेस्टर सिटीला 2016 मध्ये इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं आणि फेब्रुवारी 2017 मध्ये त्याच क्लबने त्यांना काढलं. विजेत्याची ही गत, तर तळाशी झगडणाऱ्याचं काय होणार, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

अडुसष्टावं मिनिट. 1-1. समोरच्यांचा कॉर्नर आला. आमचा कर्णधार, म्हणजे आमचा उजवा स्टॉपर (मधल्या बचावफळीतला उजवीकडचा खेळाडू), हेडरसाठी उडाला. त्याच वेळी आमचा गोलकीपर चेंडू मुठीने परतवायला पुढे आला आणि त्याचं कोपर कर्णधाराच्या कानशिलावर बसलं. चेंडू बाहेर गेला. कर्णधार पडला, पण लगेच उठलाही. बेंचकडे बघून त्याने अंगठा दाखवला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

माझी नजर त्याच्या पायांवर होती. तो चालत जाऊन डाव्या स्टॉपरच्या जागी उभा राहिला. हंगामभर हा माणूस उजवीकडे खेळला होता. डावा स्टॉपर त्याच्याकडे बघत राहिला, मग त्याने दंडाला धरून त्याला पलीकडे ढकललं. मी डॉक्टरांना हाक मारायला वळलो तोवर ते उभे राहून रेफरींना हात करत होते.

डोक्याला मार बसला की डॉक्टर मैदानावरच ठरलेले पाच प्रश्न विचारतात. आपण कोणत्या मैदानावर आहोत? पूर्वार्ध चालू आहे की उत्तरार्ध? शेवटचा गोल कोणी केला? मागचा सामना कोणाशी होता? तो आपण जिंकलो का? वार किंवा तारीख विचारण्यापेक्षा हे प्रश्न जास्त कामाचे, कारण मेंदूला धक्का बसल्यावर आधी ताजी आठवण निसटते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याने बरोबर दिली. तिसऱ्याला तो थांबला, त्याने फलकाकडे पाहिलं आणि डॉक्टरांनाच विचारलं, "कोणी केला?"

तो गोल त्याचाच होता. मध्यंतराच्या थोडं आधी, फ्री किकवर, डोक्याने मारलेला.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून दोन्ही हात फिरवले. बदली.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. हंगाम सुरू होण्याआधी मी सगळ्या खेळाडूंसमोर एक गोष्ट स्पष्ट केली होती: डोक्याच्या दुखापतीत डॉक्टरांचा शब्द शेवटचा. मी त्यांना "नक्की ना?" असंही विचारणार नाही. डॉक्टरांचा पगार क्लबच देतो. कोचने दुसऱ्यांदा विचारलं की त्या विचारण्याचंच दडपण होतं. शिवाय सामन्याच्या ऐन भरात कोचचं डोकं याबाबत विश्वासार्ह नसतं, कोणाचंच नसतं. म्हणून हा निर्णय थंड डोक्याने, महिनोन् महिने आधी घेऊन ठेवायचा असतो. त्याच दिवशी डॉक्टरांनी खेळाडूंना समजावलं होतं की कन्कशन, म्हणजे मेंदूला बसणारा धक्का, व्हायला बेशुद्ध पडावं लागत नाही. बहुतेक वेळा शुद्ध जातच नाही आणि स्कॅनही नॉर्मल येतो. पण पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित का होईना, मेंदूला अशी सूज येते की माणूस हाती लागत नाही. तरुण खेळाडूंना हा धोका जास्त.

यावर मी 2014 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची चित्रफीत दाखवली होती. माराकाना स्टेडियम, जर्मनीविरुद्ध अर्जेंटिना. सतराव्या मिनिटाला जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरचं डोकं अर्जेंटिनाच्या गाराईच्या खांद्यावर आपटलं. पुढची जवळजवळ चौदा मिनिटं तो खेळत राहिला आणि त्या काळात त्याने रेफरी निकोला रिझोलींना विचारलं, हा अंतिम सामनाच आहे ना? रिझोलींनीच मग इतरांना सावध केलं. जगातला सगळ्यात मोठा सामना, कोट्यवधी डोळे खिळलेले, आणि तो मुलगा तसाच पळत होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, ठरवलं की डोक्याला मार बसल्यास तपासणीसाठी रेफरी तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबवू शकतात आणि डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय खेळाडूला पुढे खेळता येणार नाही.

आमच्याकडे वेळ मिळाला, माणूस नव्हता. पाच बदल्या करता येतात, पण मध्यंतर सोडून खेळ फक्त तीनदा थांबवून, म्हणजे तीन थांब्यांत. मी दोन थांब्यांत चार बदल्या करून बसलो होतो. ही पाचवी आणि शेवटची. दुसरा अनुभवी स्टॉपर पिवळ्या कार्डांमुळे निलंबित होता. कन्कशनसाठी वेगळी जादा बदली आमच्या स्पर्धेत तेव्हा नव्हती. आता नियमपुस्तकात ती सोय आहे, पण लागू करायची की नाही हे स्पर्धेवर सोडलंय. ते ऐच्छिक का ठेवावं, हे मला आजही पटत नाही.

सहायक कोच कानाशी आला. "पाच मिनिटं बघूया. तो ठीक दिसतोय." मी त्याला कॉर्नरचा कागद आणायला सांगितलं.

प्रत्येक बेंचवर तो कागद असतो: कॉर्नरला कोणी कोणाला धरायचं, पहिल्या खांबाशी कोण, रिबाउंडवर कोण. आत जाणाऱ्याला तो दाखवल्याशिवाय पाठवायचं नसतं. त्यांचा नऊ नंबर उंच, हवेतला पक्का, आणि तो आमच्या कर्णधाराकडे होता. आता त्याला कोण धरणार? मी बचावात्मक मध्यरक्षकाला स्टॉपरच्या जागी खाली घेतलं, नऊ नंबर त्याला दिला आणि मधल्या फळीत एकोणीस वर्षांच्या मुलाला उतरवलं. त्याला एवढंच म्हणालो, "नऊ तुझा नाही. पहिला खांब तुझा. पहिला चेंडू साधा पास."

कर्णधार बाहेर आला तो पेटलेलाच. दंडावरची पट्टी काढून त्याने गवतावर आपटली. "सर, मला का काढलं? मी ठीक आहे!" मी म्हटलं, "डॉक्टर नाही म्हणाले." तो बसला. दोनेक मिनिटांनी शांतपणे त्याने विचारलं, "सर, स्कोर किती?" सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा, त्याच स्वरात, "सर, स्कोर किती?" शेजारचे राखीव खेळाडू एकदम गप्प झाले. सहायक कोचनेही मान खाली घातली. फिजिओ त्याला आत घेऊन गेला आणि नंतर त्याच्यासोबत हॉस्पिटलात थांबला. अशा माणसाला त्या रात्री एकटं सोडत नाहीत.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला. नऊ नंबरने मध्यरक्षकाच्या खांद्यावरून उडी घेतली. गोल. 1-2. बदली उरली नव्हती, पायात गोळे आलेला विंगर तसाच लंगडत उभा होता. आम्ही खाली गेलो.

क्रामरच्या जागी आलेल्या शुर्लेने त्या फायनलमध्ये 113व्या मिनिटाला पास दिला आणि गोट्झेने विजयी गोल केला. आमच्या वाट्याला तसं काही आलं नाही. पण मी ती बदली आजही करेन, आणि पत्रकार परिषदेतही हेच सांगितलं. क्लबच्या एका पदाधिकाऱ्याने नंतर मला खोलीत बोलावून विचारलं, "वीस मिनिटं काढता आली नसती का?" मी म्हटलं, ती वीस मिनिटं त्याच्या डोक्याची होती, माझी नव्हती. माझा करार पुढे वाढवला गेला नाही.

कर्णधाराला कितीतरी दिवस उजेड सहन होत नव्हता. मग पायरीपायरीने परतणं झालं: आधी चालणं आणि सायकल, मग धावणं, मग टक्कर नसलेला सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना. पायरी चढताना लक्षणं बळावली की पुन्हा खाली. पुढच्या हंगामात तो दुसऱ्या क्लबकडून खेळला, अजूनही खेळतो. तो गोल मात्र त्याला कधीच आठवला नाही. फक्त चित्रफितीत पाहिलाय.

नोकरी शोधताना मी एक अट लेखी मागू लागलो: डोक्याच्या दुखापतीत डॉक्टरांचा निर्णय अंतिम, आणि त्यावरून कोच किंवा डॉक्टर यांच्यावर कारवाई होणार नाही. एका क्लबने ती अट ऐकून घेतली आणि पुन्हा फोन केला नाही. दुसऱ्याने त्यावर सही केली. सध्या मी तिथेच काम करतोय.