सील नवं, गळती तीच

"अहो, सील महिन्यापूर्वीच नवं टाकलंय!" मारुती ओम्नीच्या मागच्या ब्रेक ड्रममधून गिअर ऑइल ठिबकत होतं आणि मालक हेच पुन्हापुन्हा सांगत होते. सील म्हणजे चाकाच्या शाफ्टभोवती बसून ऑइल अडवणारी रबरी रिंग.

डिफरन्शिअलचं (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल काढलं, ड्रम उतरवला, त्यामागच्या पत्र्याच्या तबकडीचे, म्हणजे बॅकप्लेटचे, चार नट सोडवले. चाक फिरवणारा शाफ्ट बेअरिंगपाशी घट्ट बसलेला असतो, स्लाइड हॅमरच्या (दांड्यावर वजन सरकवून ओढायच्या हत्याराच्या) ठोक्यांनी सरळ बाहेर येतो. पहारीने उचकटला तर बॅकप्लेट वाकते.

सीलच्या ओठावर बारीक चीर! शाफ्ट आत घालताना त्याच्या टोकाच्या खाचा, म्हणजे स्प्लाइन्स, त्यावर घासत गेल्या होत्या. ओठाला ग्रीस लावून, शाफ्ट दोन्ही हातांनी तोलून सरळ घालायला फार तर दोन मिनिटं जास्त लागतात. त्या दोन मिनिटांपायी ब्रेक लायनर ऑइलने भिजून बाद झाले.

सील बदलताना शाफ्टवर ते बसतं तिथे नख फिरवून खाच बघता का?