आमची वाटचाल : तुटलेल्या बोल्टचं खापर

हाय-टेन्साइल (जास्त ताकदीचा) बोल्ट कसल्यावर काही तासांनी तुटला, की सगळे एकच म्हणतात: हायड्रोजन. आणि हायड्रोजन म्हटलं की प्लेटर, म्हणजे आमच्यासारखा धातूचा मुलामा चढवणारा, दोषी; कारण त्या कामात पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. आमच्यावर तेच आलं. दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी माल थांबवला, आणि आमच्याच धंद्यातला एक जण ‘ते बेकिंग करतच नाहीत’ असं खरेदी विभागांत सांगत सुटला. बेकिंग म्हणजे माल तापवून शिरलेला हायड्रोजन घालवणं. धादांत खोटं! आमचा प्रत्येक लॉट प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत ओव्हनमध्ये जातो, १९० ते २२० अंशांवर, आणि तापमानाचा चार्ट जॉबकार्डाला टाचलेला असतो. तो चार्ट बघायलाही कुणी तयार नव्हतं. पगार कसे भागवायचे इथवर वेळ आली.

टिकले ते फक्त आमचे पंपवाले दादा, पहिल्या बॅरलपासूनचे गिऱ्हाईक. तेच मला विद्यापीठाच्या धातुशास्त्र विभागात घेऊन गेले. सरकारी पैशातून घेतलेला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तिथे होता, आणि शुल्क भरून बाहेरच्यांनाही तपासणी करून घेता येत होती. आपल्यातले बहुतेक जण त्या दारापर्यंत जातच नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुकडा ग्रेन बाउंडरीवरून, म्हणजे धातूच्या कणांमधल्या सीमेवरून, फुटलेला दिसला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. हायड्रोजननेही तसाच फुटतो. पण तिथल्या प्राध्यापक मॅडम तिथे थांबल्या नाहीत. तडा सुरू झाला तिथे ऑक्साइडचा जाड थर निघाला, आणि छेद घेतल्यावर तड्याच्या कडेला डीकार्ब (कार्बन जळून जाणं) नव्हतं. तडा आधीचा असता, तर कडक करायच्या भट्टीत तिथला कार्बन जळाला असता. म्हणजे तडा क्वेंचिंगमध्ये (तापलेला बोल्ट एकदम थंड करताना) पडला आणि टेम्परिंगमध्ये (नंतर पुन्हा तापवताना) त्यावर ऑक्साइड चढलं. आमच्या बेकिंगच्या तापमानाला तसा थर बसत नाही. माल आमच्याकडे आला तोच तडकलेला! रिपोर्ट गेला, दोन्ही गिऱ्हाइकं परतली. बोंब मारणाऱ्याने मात्र आजवर शब्द मागे घेतलेला नाही.

पुढची वर्षं नीट गेली. आमची २६७ मिलीची हल सेल, म्हणजे प्लेटिंगचं द्रावण तपासायची छोटी टाकी, मला अजून प्रिय आहे. तिच्यात प्लेट केलेल्या पॅनेलवर एक नजर टाकली की ब्राइटनर (चकाकी आणणारं रसायन) कमी की जास्त ते कळतं. पण पोलादात हायड्रोजन किती शिरला हे ती सांगत नाही. म्हणून आता त्याच विभागाबरोबर संशोधन चालू आहे. देवनाथन-स्टाखुर्स्की सेल, पद्धत १९६२ची. पातळ पत्र्याच्या एका बाजूने हायड्रोजन शिरतो, दुसऱ्या बाजूला तो करंटवर मोजतात. पिकलिंगच्या (प्लेटिंगआधी गंज काढायच्या) ॲसिडमधलं कोणतं इन्हिबिटर (ॲसिडचा धातूवरचा मारा रोखणारं रसायन) हायड्रोजनला खरोखर अडवतं, ते आम्ही तपासतोय.

तुम्ही जाणार असाल तर करार आधी करा. विद्यार्थ्याला प्रबंध छापायचा असतो, तो त्याचा हक्क आहे; पण मसुदा आधी आपल्याला दाखवायची मुदत लिहून घ्या. पेटंटचा अर्ज करण्याआधी माहिती छापली गेली, तर बहुतेक देशांत पेटंट मिळत नाही. आणि तुटलेले तुकडे एकमेकांना जुळवून बघू नका, ॲसिडने धुऊ नका. कोरड्या डबीत सिलिका जेल टाकून तसेच्या तसे न्या.