घंगाळावरचे दोन हात

शिल्पकलेच्या अभ्यासक्रमात आम्हाला काही आठवडे एखाद्या कारागिराच्या हाताखाली काम करायचं असतं. वर्गातले बहुतेक जण ओतकामाच्या फाउंड्रीत गेले, मी पुण्यातली तांबट आळी निवडली. कसबा पेठेतली ही वस्ती पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेल्या तांबट घराण्यांची. पूर्वी इथून बंब, हंडे, घंगाळं, कळशा घरोघर जायच्या. आता दिवे, ताटल्या, हॉटेलांना लागणारी भांडी जास्त होतात. आळीत वळण्याआधीच ठोके कानावर येतात.

त्या दिवशी सकाळी एक गृहस्थ जुनं घंगाळ घेऊन आले. एका बाजूला मोठा पोचा, एक कडी निखळलेली. मी ज्यांच्या हाताखाली शिकत होते त्या तांबट काकांनी ते उलटं करून मांडीवर घेतलं आणि बघण्याआधी त्यावरून तळवा फिरवला. बुडापासून काठापर्यंत, सावकाश. मग म्हणाले, "दोन हातांचं काम आहे हे. वरचा माणूस डावखुरा."

मला काहीच दिसत नव्हतं. तांब्यावर उन्हात चमकणारे शेकडो गोल ठसे, एवढंच. मी पिशवीतून पातळ कागद काढला, घंगाळावर ताणून धरला आणि ग्रॅफाइटची कांडी आडवी घासली. कागदावर उमटलं ते पाहून मी तो कितीतरी वेळ हातात धरून बसले. खालच्या अर्ध्या भागात ठसे लहान, दाट, एकावर एक किंचित चढलेले. वर ते मोठे होत गेलेले, आणि प्रत्येक ठशाची खोल कड उलट्या बाजूला. हातोडी तिथं दुसऱ्या अंगानं पडत होती. बाप-लेक असतील का, असं मी विचारलं. काका म्हणाले, "कोण होते ते भांडं सांगत नाही गं पोरी. हात कसा होता तेवढंच सांगतं."

मग काम सुरू झालं. कड्या काढल्या आणि घंगाळाला ताव दिला. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, ताव त्याच्या बराच खाली लागतो. मंद लाली दिसली की पुरे. लाल भांडं काकांनी सरळ पाण्यात बुडवलं. पोलादाशी असं केलं तर ते कडक होतं, तांबं मात्र तापवून मऊ झालं की पाण्यात गेल्यावरही मऊच राहतं. त्या घंगाळाची भिंत तेव्हा अंगठ्यानं दाबली तरी आत जात होती. ज्या भांड्यात घरातली माणसं वर्षानुवर्षं आंघोळीचं पाणी काढत आली, ते असं लिबलिबीत झालेलं बघून मला धस्स झालं.

पोचा निघायला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो मठाराला, म्हणजे हातोडीचे ते गोल ठसे एकाशेजारी एक ठोकण्याला. आधी काकांनी हातोडीचं तोंड पॉलिश पेपरवर घासलं, मग कापडावर, पुन्हा उजेडात धरून पाहिलं. त्या तोंडावर एक ओरखडा असेल तर तो प्रत्येक ठोक्याला भांड्यावर छापला जातो. रोवलेल्या लोखंडी कांबीच्या गोल डोक्यावर त्यांनी घंगाळ आतून टेकवलं आणि ठोकायला लागले. ठोका, भांडं किंचित फिरवायचं, ठोका. हातोडी एकाच जागी पडते, फिरतं ते भांडं. बारकाईनं बघेपर्यंत मला हे उलटं वाटत होतं.

खरं लक्ष त्यांचं कानाकडे असतं. तांबं खालच्या लोखंडाला नीट टेकलेलं असेल तर ठोका खणखणीत वाजतो. मध्ये पोकळी राहिली तर आवाज बद्द येतो, आणि तिथं मठार पडण्याऐवजी नवा पोचा पडतो. गप्पा मारता मारता काका मधेच थांबायचे, भांडं केसभर सरकवायचे आणि पुढं जायचे. मी डोळे मिटून ऐकू लागले, तेव्हा कुठं तो फरक मला कळायला लागला.

दुपारी त्यांनी मला ठोकलेला भाग दाबायला सांगितला. मी दोन्ही अंगठे लावून जोर केला. घंगाळ हललं नाही. ठोक्यांनी धातूच्या आतल्या रचनेत गुंते होतात आणि तिचे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत, त्यामुळं पत्रा ताठ होतो. सकाळी अंगठ्याखाली दबणारी भिंत आता त्या ठशांच्या जोरावर उभी होती.

कॉलेजात पोत हा आमचा शेवटचा टप्पा असतो. आकार पूर्ण झाला की वरून कंगवा, तारेचा ब्रश, गोणपाट, जे हाताशी येईल ते वापरून पृष्ठभाग रंजक करायचा. गुणही त्याला मिळतात. इथं मठार काढून टाकला तर भांडंच उरत नाही. दिसण्याचं काम आणि टिकण्याचं काम एकाच ठोक्यात होतं. आमच्या शिक्षणात हे इतकं उशिरा, तेही एखाद्या वर्कशॉपपुरतं का येतं, याचा मला खरंच राग आला.

मीरा मुखर्जींची आठवण झाली. म्युनिकला शिकून आलेली ही शिल्पकार बस्तरच्या धातुकारागिरांकडे जाऊन शिकली. तिथं मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून ओतकाम करतात आणि ते धागे धातूत तसेच उतरतात. मीरा मुखर्जींच्या ब्राँझवरच्या रेषा मी पुस्तकांत अनेकदा पाहिल्या होत्या आणि सजावट समजून पुढं गेले होते. त्या रेषा कामाच्या आहेत. मेण हातानं कुठून कुठं गेलं, ते त्या सांगतात.

संध्याकाळपर्यंत घंगाळाला कड्या लागल्या. नव्या ठशांसाठी काकांनी जुन्या मठाराच्या मापाची हातोडी शोधून घेतली होती, पण उलटी कड त्यांनी मुद्दाम आणली नाही. विचारलं तर म्हणाले, "त्याचा हात त्याच्यापाशी. मी माझ्याच हातानं ठोकणार." ते घंगाळ आता तीन हातांचं आहे. नेताना त्या गृहस्थांना मी कागदावरचा ठसा दाखवला. त्यांनी तो मागून घेतला, म्हणून मी दुसरा काढून ठेवला.

वर्षअखेरीच्या मूल्यमापनासाठी मी तांब्याचा एक मोठा पत्रा ठोकते आहे. त्याचा पृष्ठभाग बघायला परीक्षकांबरोबर एक तांबट कारागीरही बसावा, मानधन घेऊन आणि गुण देण्याच्या अधिकारासह, असा अर्ज मी विभागप्रमुखांकडे दिला आहे. वर्गातल्या बऱ्याच जणांनी त्यावर सह्या केल्या आहेत.