ट्रायलोबाईट आपल्याकडे कुठे सापडतील?

भूशास्त्राच्या भटकंतीला येणारी मंडळी मला एक गोष्ट हमखास विचारतात: "सर, ट्रायलोबाईट आपल्याकडे कुठे सापडतील?" आपल्याकडे म्हणजे ताम्हिणीत, वरंध्यात, रविवारी सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल अशा बेताच्या अंतरावर. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नाही सापडणार. सह्याद्री लाव्हाचा, वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. ट्रायलोबाईट म्हणजे पाठीवर कवच आणि सांधेदार पाय असलेले, आता फक्त जीवाश्मरूपात उरलेले समुद्री प्राणी. ते त्याच्या कितीतरी आधी, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी, समूळ नाहीसे झाले. विदर्भात गोंडवाना खडक आहेत, ते जुने आहेत, पण ते नद्यांचे आणि दलदलींचे. हा प्राणी समुद्रातला. महाराष्ट्राचा विषय इथे संपला.

'आपल्याकडे'चा अर्थ भारत असा घेतलात, तर मात्र मला बरंच बोलायचं असतं.

स्पितीत पिन नदीला पराहिओ नावाची नदी येऊन मिळते. तिच्या खोऱ्यात कँब्रियन काळातल्या (सुमारे 54 ते 48.5 कोटी वर्षांपूर्वीच्या) समुद्राच्या काठचे वाळू-चिखलाचे थर हजार मीटरहून अधिक जाडीचे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा हेन्री हेडन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे पोचला. आज गाडी जाते तिथेही तेव्हा वाट धड नव्हती. त्याने गोळा केलेले जीवाश्म केंब्रिजच्या काउपर रीडने अभ्यासले आणि 1910 मध्ये त्यांची वर्णनं छापली. त्यात एक अगदी लहानसा ट्रायलोबाईट होता. रीडने त्याला 'इंडिकस', म्हणजे भारतातला, म्हटलं. पुढे अभ्यासकांनी त्याची रवानगी ऑरिक्टोसेफॅलस या प्रजातीत (जीनसमध्ये) केली. ही प्रजाती चार्ल्स वॉलकॉटने 1886 मध्ये अमेरिकेतल्या नमुन्यांवरून स्थापन केली होती.

ऑरिक्टोसेफॅलस इंडिकस दिसायला फार देखणा आहे असं नाही. बहुतेक नमुने दोन सेंटिमीटरच्या आतले. डोक्याच्या मधोमध जो लांबट फुगवटा असतो, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी खळग्यांच्या जोड्या, आणि शेपटीच्या कडेला काटे. मोरोक्कोहून येणारे, हाताच्या पंजाएवढे शिंगं-काटेवाले ट्रायलोबाईट इंटरनेटवर पाहून आलेल्यांची याला बघून निराशा होते. पण ते मोठे, दिमाखदार प्राणी काळ मोजायला क्वचितच कामी येतात. काळ मोजायचा तर लहान, भरपूर आणि दूरवर पसरलेला प्राणी हवा. हा खोल, मोकळ्या समुद्राच्या बाजूला राहायचा, म्हणून तो एकाच किनाऱ्याशी बांधलेला नव्हता. स्पितीत तो सापडतो, दक्षिण चीनमध्ये सापडतो, अमेरिकेत नेवाडात सापडतो. तीन ठिकाणच्या खडकांत हा दिसला की ते थर साधारण एकाच वेळचे हे ताडता येतं.

याच गुणामुळे 2018 मध्ये त्याला मान मिळाला. कँब्रियनचा तिसरा भाग आणि त्यातला पाचवा टप्पा यांना तोवर नावंच नव्हती, नुसते आकडे होते. आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघटनेने ठरवलं की ऑरिक्टोसेफॅलस इंडिकस जिथे पहिल्यांदा दिसतो, तिथून हा भाग सुरू झाला असं मानायचं. म्हणजे आजपासून सुमारे 51 कोटी वर्षांपूर्वी. भागाचं नाव मियाओलिंगियन, टप्प्याचं वुलिऊअन. दोन्ही नावं चिनी डोंगरांवरून, कारण सीमेची खूण, जिला भूशास्त्रज्ञ 'गोल्डन स्पाइक' म्हणतात, ती चीनच्या ग्वेइचौ प्रांतात आहे.

इथे श्रोत्यांत कुजबुज सुरू होते. नाव आपलं, प्राणी पहिल्यांदा वर्णिला गेला तो आपल्या खडकांतला, आणि मान चीनला? एकदा एका काकांनी तर हे राजकारण असणार असं जाहीर करून टाकलं. मला तसं मुळीच वाटत नाही. जाती कुठे प्रथम नोंदली गेली याला सीमा ठरवताना काही किंमत नसते. तिथे एकच विचारलं जातं: या प्राण्याच्या येण्याआधीचे आणि नंतरचे थर सलग आहेत का? पराहिओचे थर नदीच्या मुखापाशी साचलेले. मध्ये वाळूचे जाड पट्टे, त्यांत जीवाश्म नाहीत. मग एखाद्या पातळीवर एकदम भरपूर. मग पुन्हा काही नाही. पानं फाटलेली रोजनिशी वाचावी तसा प्रकार. प्राणी त्या पातळीवर पहिल्यांदा आला, की आधीच आलेला पण जपलाच गेला नाही, हे सांगणार कसं? त्यात हिमालय उचलला गेला तेव्हा खडक दाबले, वळले, आणि कित्येक ट्रायलोबाईट तिरपे ताणले गेले. ग्वेइचौच्या काइली थरांत बारीक चिखल शांतपणे, खंड न पडता साचलेला आहे. तिथे थरांच्या तळापासून 52.8 मीटर वर हा पहिल्यांदा दिसतो, आणि त्याच्या खालीही जीवाश्म आहेतच. खूण तिथेच हवी होती.

शिवाय 2009 मध्ये स्पिती आणि झंस्करच्या ट्रायलोबाईटांवर जो मोठा ग्रंथ आला, तो चीनचे पेंग शानची, कॅलिफोर्नियातले नायजेल ह्यूज आणि डेहराडूनच्या वाडिया संस्थेतले अभ्यासक यांनी मिळून लिहिला. रीडची शंभर वर्षांपूर्वीची नावं तपासून, दुरुस्त करून, थरांच्या क्रमात नीट बसवली ती त्यांनी. ज्याला रुसायचंय त्याने आधी हे काम वाचावं.

आता, तुम्ही पुढच्या उन्हाळ्यात स्पितीला जाणारच असाल तर ऐका. लांगझा गावात जे काळे गोटे दाखवतात, फोडल्यावर आत चक्राकार शंख निघतो, ते ट्रायलोबाईट नव्हेत. ते अमोनाईट, आपल्या देवघरातल्या गंडकीच्या शाळिग्रामांचे नातलग, आणि वयाने इंडिकसपेक्षा पस्तीस कोटी वर्षांनी तरी लहान. पराहिओ खोरं वेगळीकडे आहे, पिनच्या बाजूला, आणि तिथेही चालता चालता काही पायाशी येणार नाही. आलंच, तर फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि दगड तिथेच राहू द्या. कुठल्या थरातून आला हे माहीत नसलेला ट्रायलोबाईट अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी असतो. रीडने वर्णिलेले मूळ नमुने कोलकात्याला, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात आहेत.