वहीतली चौथी नोंद

पीसीचं कॅबिनेट छातीशी धरून ती आत आली, टेबलावर अलगद टेकवलं आणि म्हणाली, "काका, हा अजून एकदाही चालू झालेला नाही." काचेवरची फिल्मसुद्धा अजून तशीच होती. एकेक भाग तिने स्वतः निवडला होता आणि दोन रात्री जागून जोडला होता. ती थ्रीडी ॲनिमेशन शिकते, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प याच मशीनवर करायचा होता. पिशवीतून एक वही काढून तिने कॅबिनेटशेजारी ठेवली. ती वही मी तेव्हा उघडली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बंद पडलेला जुना पीसी आणि कधीच चालू न झालेला नवा पीसी, ही दोन वेगळी दुखणी आहेत. जुना काल चालत होता, आज चालत नाही. मधे काय बदललं एवढं शोधायचं असतं. नव्यात तो 'काल'च नसतो. संशय प्रत्येक भागावर घेता येतो, आणि सगळे भाग चांगले असून नुसती जोडणी चुकलेली असू शकते. माझ्या टेबलावर आलेल्या नव्या मशीनमध्ये बहुतेक वेळा जोडणीच चुकलेली निघाली आहे. म्हणून पार्ट बदलून बघण्याआधी मी पार्ट कमी करत जातो.

बटण दाबलं. प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम पाव फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, तर तेवढंही नाही. एसएमपीएसचा, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा, मागचा स्विच बंद केला, अर्धा मिनिट थांबून पुन्हा लावला, बटण दाबलं: परत तोच पाव फेरा.

हे लक्षण माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. एसएमपीएस चालू होतो, कुठेतरी १२ व्होल्टची लाइन थेट ग्राउंडला भिडलेली, म्हणजे शॉर्ट झालेली, त्याला जाणवते आणि काही जळायच्या आत तो स्वतःला बंद करून घेतो. मग मागून पूर्ण वीज काढल्याशिवाय बहुतेक वेळा तो परत उठत नाही.

"एसएमपीएसच खराब आहे असं मला वाटलं," ती म्हणाली. "मैत्रिणीचा आणून लावून पाहिला. तसंच झालं."

माझ्या पोटात गोळा आला. "केबल कुठल्या लावल्यास? आधीच्याच ठेवल्यास का?"

"नाही काका, त्याच्याबरोबर आलेल्याच."

सुटलो. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसच्या केबलचं मदरबोर्डाकडचं (ज्यावर सगळे भाग बसतात त्या बोर्डाकडचं) टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते. केबल बसते मात्र बिनबोभाट. तेवढ्यावरून हार्ड डिस्क आणि बोर्ड जळालेले मी पाहिले आहेत. कॅबिनेटमधून ओवलेल्या केबल पुन्हा कोण काढणार, हा मोह भल्याभल्यांना होतो. तिला झाला नाही, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

तरी माझ्या क्रमाने मी तिचा एसएमपीएस सुटा करून तपासला. २४ पिनांच्या कनेक्टरमधली सोळावी आणि सतरावी पिन तारेने जोडली की तो बोर्डाशिवायही चालू होतो. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन १२.१ दाखवत होती. साधारण ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं. भार नसताना घेतलेलं हे माप काही प्रशस्तिपत्रक नव्हे, पण दोन वेगळे एसएमपीएस एकाच पद्धतीने बंद पडत असतील तर दोष त्यांच्या पुढे आहे.

मग बोर्ड कॅबिनेटबाहेर काढला. तो ज्या खोक्यातून आला होता त्यावरच ठेवला, कारण पुठ्ठ्यातून वीज जात नाही. प्रोसेसर, त्यावरचा कूलर आणि रॅमची एकच पट्टी. बाकी ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, कॅबिनेटचे पंखे, पुढच्या पॅनलच्या वायरी सगळं बाजूला. या प्रोसेसरमध्ये साधं ग्राफिक्स आतच असतं, म्हणून मॉनिटर सरळ बोर्डाला लावला. वरच्या कोपऱ्यातली ८ पिनांची प्रोसेसरची केबल नीट बसल्याची खात्री केली. ती राहून जाते, मग पंखे छान फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावलं.

पंखा फिरला. फिरतच राहिला. दोष बोर्डात नाही, कॅबिनेटमध्ये किंवा बाजूला काढलेल्या भागांत आहे, हे त्या क्षणी कळलं.

पण स्क्रीन काळीच होती. बोर्डाच्या कडेला 'डीरॅम' लिहिलेल्या जागी पिवळा दिवा लागला होता. अर्धा मिनिट गेला, एक मिनिट गेला. म्हणजे रॅमही? दुसरी पट्टी लावून बघू म्हणून माझा हात एसएमपीएसच्या स्विचकडे गेला.

"काका, बंद करायच्या आधी हे एकदा वाचा ना," असं म्हणून तिने वही माझ्यासमोर धरली.

बावीस नोंदी होत्या. तारीख, वेळ, काय बदललं, काय झालं. इतक्या नेटक्या नोंदी मी क्वचितच पाहिल्या आहेत. पहिली नोंद अशी: 'बटण दाबलं. सगळे पंखे चालू. पिवळा दिवा. स्क्रीन नाही. दीड मिनिट थांबून बंद केलं.' दुसरी: 'बोर्डावरचा सेल पाच मिनिटं काढून परत लावला. पुन्हा पंखे चालू, पिवळा दिवा. एका मिनिटाने बंद.' तिसरी तशीच, रॅम उलटसुलट करून.

म्हणजे पहिल्या दिवशी हा पीसी पाव फेऱ्याचा नव्हताच! आजचं लक्षण नंतर आलेलं होतं. नव्या मशीनला नसतो म्हणालो तो 'काल' या वहीत लिहिलेला होता. मी पान उलटलं, आणि ती एकदम ओरडली. मान वर केली तर मॉनिटरवर बायोसची, म्हणजे बोर्डातल्याच सुरुवातीच्या प्रोग्रॅमची, स्क्रीन आली होती.

डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचं हे वागणं मला ठाऊक होतं, पण पंधरा सेकंदांत डिस्प्ले देणाऱ्या मशीनवर इतकी वर्षं गेली आहेत की हाताला तीच सवय. ही रॅम सेकंदाला काही अब्ज वेळा डेटा हलवते. त्या वेगाला बोर्डावरच्या प्रत्येक रेषेतून सिग्नल नेमका कधी पोचतो याचा मेळ प्रोसेसरला आधी बसवावा लागतो. त्याला ट्रेनिंग म्हणतात. पहिल्यांदा सुरू करताना ते काही मिनिटं चालू शकतं, रॅम जास्त असेल तर आणखी रेंगाळतं. तिच्याकडे ३२ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. तोवर पडदा काळा आणि तो पिवळा दिवा चालू. एकदा मेळ बसला की ती मापं जपून ठेवली जातात. पण सेल काढला की ती पुसली जातात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ती दर वेळी दीड मिनिटात बंद करत होती, आणि दुसऱ्या प्रयत्नाआधी तिने सेलही काढला होता. मशीन पहिल्या दिवशीही ठणठणीत होतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी म्हटलं, "अगं, हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? बोर्डाच्या पुस्तिकेत हे पहिल्या पानावर ठळक छापायला हवं." मला खरंच तसं वाटतं. माणूस काळ्या पडद्यासमोर बसून आपल्या हातून काय मोडलं याचा विचार करत असतो, आणि एका वाक्याने त्याची सुटका होणार असते.

आता पाव फेरा. चौथी नोंद वाचली: 'बोर्ड बाहेर काढून पुन्हा बसवला, खाली काही अडकलंय का पाहायला. एक स्क्रू उरला. पंखा थोडा फिरून बंद.' पाचवीपासून बाविसावीपर्यंत तोच पाव फेरा.

"हा स्क्रू कुठला उरला?"

"मधल्या भोकाचा. तो फिरतच राहिला, घट्ट होईना. आठ बसलेत म्हणून सोडून दिला."

एटीएक्स या नेहमीच्या मोठ्या आकाराच्या बोर्डाला नऊ भोकं असतात आणि प्रत्येकाखाली कॅबिनेटच्या पत्र्यात एक पितळी स्टँडऑफ, म्हणजे स्क्रू बसणारी छोटी खुंटी, असतो. त्यामुळे बोर्डाची पाठ पत्र्यापासून वर राहते. रिकाम्या कॅबिनेटमध्ये मी टॉर्च मारला. नऊ स्टँडऑफ होते, पण मधला आपल्या जागी नव्हता. तिथलं भोक रिकामं होतं आणि तो खालच्या बाजूला, लहान आकाराच्या बोर्डासाठी असलेल्या भोकात पिळून बसवला होता.

तिला आठवलं. बोर्ड काढताना त्या एका स्क्रूबरोबर खालचा स्टँडऑफही फिरून निघून आला होता. तिने तो सोडवला आणि जे भोक समोर दिसलं त्यात लावला. पत्र्यावर अशी वीसेक भोकं असतात, जवळ अक्षरं कोरलेली असली तरी काळ्यावर काळी. बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला. ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटच्या मागे सोल्डरची टोकं बाहेर आलेली असतात, त्यांतल्या एकावर बारीकसा काळा ठिपका होता. स्टँडऑफच्या माथ्यावर त्याचा जोडीदार. याच स्लॉटला १२ व्होल्ट जातात. वहीतल्या नोंदींप्रमाणे एकोणीस वेळा, आणि आज माझ्यासमोरही, एसएमपीएसनी बंद पडून बोर्ड वाचवला होता.

ठिपका स्पिरिटने पुसला, स्टँडऑफ नटड्रायव्हरने योग्य जागी घट्ट केला. बोर्ड बसवायचं काम मी तिलाच दिलं. नऊच्या नऊ स्क्रू लागले. दोन्ही पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, मग कार्ड, एसएसडी, वायरी. बटणही तिनेच दाबलं. पंखे फिरले, पिवळा दिवा लागला, आणि आम्ही दोघं हात मागे घेऊन उभे राहिलो. चार मिनिटांच्या आसपास लागली.

निघण्यापूर्वी बायोसमध्ये जाऊन रॅमची प्रोफाइल चालू करून दिली, नाहीतर ती पट्टीवर लिहिलेल्या वेगाने चालत नाही. सेव्ह करून रीस्टार्ट केल्यावर पडदा पुन्हा काळा झाला. वेग बदलला की ट्रेनिंग पुन्हा. तिने या वेळी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. वही उघडली, २३ आकडा टाकला, घड्याळात पाहून वेळ लिहिली आणि पेन तसंच हातात धरून थांबली.